रंगनाथरावांनी पुसलेलं विमान

घरात कुणी गेलं की तेराव्याच्या आत भिंतीवर लावायला फोटो लागतो, आणि त्या फोटोचा हमखास घोळ असतो. कुणाचा एकच फोटो असतो, तोही फॉर्मावरून सोलून काढलेला, कानावर आडवा शिक्का बसलेला. कुणाचा लग्नाच्या पंगतीतला, तोंडात घास धरलेला. एखाद्या म्हातारीचा तर जन्मात फोटोच नसतो. तिरडीवर ठेवताना घाईघाईनं काढलेला तेवढाच, मिटल्या डोळ्यांचा. असले फोटो पिशवीत घालून माणसं पेठेतल्या त्या जुन्या स्टुडिओत यायची, तेव्हा मालक काउंटरवरून मागच्या खोलीकडे बोट करायचे. "आमच्या ढोमण्यांकडे द्या. ते डोळे उघडतात."

रंगनाथ ढोमणे खरंच डोळे उघडायचे. मागच्या खोलीत त्यांचं उतरतं टेबल होतं. मध्ये दुधी काच, खाली खिडकीचा उजेड वर फेकणारा आरसा, काचेवर निगेटिव्ह आणि हातात सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल. एका डोळ्याला भिंग लावून ते बसले की जेवायची शुद्ध नसे. गालावरचा देवीचा व्रण, कपाळावरची आठी, ओठाच्या कोपऱ्यातलं दुखणं, सगळं त्या पेन्सिलीखाली हळूहळू भरून यायचं. मिटलेल्या पापण्यांच्या जागी ते बुबुळं काढायचे आणि त्यात उजेडाचा एक ठिपका ठेवायचे. त्या ठिपक्यानं म्हातारी उठून बसायची. फोटो न्यायला आलेला मुलगा काउंटरवरच रडायला लागायचा.

वर्ध्याकडच्या एका खेड्यातून ते सदुसष्ट साली पुण्यात आले आणि तीस वर्षं त्या खोलीत बसले. मेलेल्यांइतकीच जिवंतांचीही गर्दी असायची. नाटक कंपन्यांचे फोटो तिथेच व्हायचे. साठी उलटलेले नायक, तीन मुलांच्या आया झालेल्या नायिका, सगळे ढोमण्यांच्या पेन्सिलीखालून पंचविशीचे होऊन थिएटरच्या दारातल्या फळ्यावर झळकायचे. एक जाडजूड नट आपला फोटो बघून म्हणाला होता, "ढोमणे, हा फोटो बघून आलेल्यांनी तिकिटाचे पैसे परत मागितले, तर मी तुमचा पत्ता देणार आहे." त्या हशात मालकांनी सगळ्यांना चहा पाजला होता. काय दिवस होते! तिसरी घंटा व्हायला आली तरी एखादी नटी मेकअपसकट धावत यायची आणि विचारायची, "ढोमणे, माझ्या गळ्याच्या वळ्या काढल्यात ना?"

रंगनाथरावांचा एकच गर्व होता आणि तो ते लपवत नसत. म्हणायचे, "आरशात माणूस खोटं बोलतो, निगेटिव्हवर नाही. कोण झोपलेला नाही, कोण भांडून आलाय, कोणाच्या पोटात काय दुखतंय, मला भिंगातून दिसतं."

दिसायचंही. पण दिसलं की ते पुसायचे. धंदाच तो होता.

पुढे रंगीत लॅब आल्या, तासाभरात फोटो मिळायला लागले आणि स्टुडिओ बंद झाला. त्या जागेवर मोबाईलचं दुकान आलं. मालकांनी निरोपाचे म्हणून दिलेले दोन पगार सोडले तर रंगनाथरावांकडे हात तेवढे उरले होते, आणि शंभू उरला होता.

शंभू त्यांचा एकुलता एक. बी.कॉम. झाला होता आणि वर्षभराचा कॉम्प्युटरचा कोर्स करत होता. तेव्हा पुण्यात दर दोन घरांआड कुणीतरी अमेरिकेला चाललेलं असे. रंगनाथरावांनीही ठरवून टाकलं. पोरानं नुसता पासपोर्टचा फॉर्म आणला, तर यांनी आळीत पेढे वाटले. "आमचा शंभू चालला," असं भाजीवाल्यालासुद्धा सांगितलं. शंभू हसायचा, मान डोलवायचा, 'होतंय, बाबा' म्हणायचा. त्याला घरी आणलेल्या जुन्या कॉम्प्युटरसमोर तासन्‌तास बसलेला बघून बाप कौतुकानं दार ओढून घ्यायचा.

सन दोन हजारच्या सप्टेंबरात तो गेला. कॅनॉलमध्ये. तेव्हा ढोमणे कॅनॉलच्या कडेलाच दोन खोल्यांत राहायचे. संध्याकाळी सुशीलाबाईंनी त्याला दळण आणायला पलीकडच्या गिरणीत पाठवलं होतं. पोलिसांनी लिहिलं, पाय घसरून पडला. आळी तेच म्हणाली. पिठाचा डबा कॅनॉलच्या कठड्यावर सापडला. आडवा पडलेला नाही. नीट उभा, झाकण घट्ट लावलेलं.

तो डबा एका शेजाऱ्यानं घरी आणून दिला. सुशीलाबाईंनी त्याला हात लावला नाही. पाचव्या दिवशी रंगनाथरावांनी तो उघडला, तेव्हा पिठात एक घडी केलेला कागद होता. त्यांनी फुंकर मारून पीठ उडवलं. दोन ओळी होत्या. 'बाबा, मला नाही जमत. सगळ्या कंपन्या नाही म्हणाल्यात, मी तुम्हाला खोटं सांगत होतो. आईला सांगू नका.'

त्यांनी आईला सांगितलं नाही. पोराची शेवटची आज्ञा म्हणून पाळली. चिठ्ठी पेन्सिलींच्या पत्र्याच्या डबीत तळाशी ठेवली आणि वर पेन्सिली रचल्या.

सुशीलाबाईंना पाण्याचा आवाज सोसेना, म्हणून मग ते बिबवेवाडीत वरच्या अंगाला राहायला गेले. पण आवाज बंद झाला तरी बाईंचं वाक्य बंद झालं नाही. भाकरी थापताना, कपडे पिळताना, मध्येच हात थांबायचा आणि त्या आपल्या वऱ्हाडीत पुटपुटायच्या, "मी त्याले दळणाले धाडलंच नसतं तं..." वाक्य तिथेच संपायचं. दिवसातून चार वेळा, सणाच्या दिवशी दहा वेळा. ज्वारी दळून आणणं त्यांनी सोडून दिलं होतं. घरात पुडीचं पीठ येई.

आणि हजारो मेलेल्यांना भिंतीवर बसवणाऱ्या माणसाच्या घरी भिंतीवर स्वतःच्या मुलाचा फोटो नव्हता. सुशीलाबाई दर श्राद्धाला विचारत, "अहो, त्याचा फोटो करता नं?" रंगनाथराव म्हणत, "करतो."

पोराच्या कॉम्प्युटरवर पहिल्यांदा ते नुसते हात ठेवायला बसले. मग माऊस हलवून पाहिला. त्यात फोटोचं एक सॉफ्टवेअर होतं. पेन्सिलीऐवजी पडद्यावर एक गोल फिरायचा, आणि शेजारचं आभाळ उचलून डागावर लावता यायचं. तीस वर्षांचा हात. सहा महिन्यांत बसला. आणि म्हणून साठीला टेकलेला हा माणूस दोन हजार दोनच्या दिवाळीनंतर मार्केट यार्डाजवळच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, नोकरीला लागला. तीन महिन्यांच्या बोलीवर. काम चोख झालं तर कायम.

पाटी होती 'ऋतुजा इमेजिंग सोल्युशन्स'. मालक ऋषी, सव्वीस वर्षांचा, लोणी काळभोरचा. वडिलांनी रस्त्याकडेची जमीन विकली आणि त्यातून पोरानं बारा कॉम्प्युटर मांडले; पाटीला बहिणीचं नाव दिलं. वडील जयसिंग रोज गावाहून यायचे आणि दाराशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत टोपी गुडघ्यावर ठेवून बसायचे. खिडकीतून यार्डातल्या कांद्याचा आणि गुळाचा वास यायचा, तेवढाच काय तो त्यांच्या ओळखीचा.

"काय वो ढोमणे," ते म्हणायचे, "दिसभर निस्ते डाग पुसताय. माझं एक धोतर हाय, त्याचं बगा की जमतंय का."

"द्या आणून," रंगनाथराव म्हणायचे. "धोतर राहील की नाही, सांगता येत नाही."

काम परदेशातल्या एका संग्रहाचं होतं. जुन्या युद्धाच्या निगेटिव्ह तिकडून स्कॅन होऊन येत. इथे धूळ, बुरशी, ओरखडे काढून ते स्कॅन साफ करायचे आणि परत पाठवायचे. तपासणीला नम्रता होती. पोरगी तरतरीत, कानात सतत वायर. पहिल्याच दिवशी तिनं बजावलं होतं, "काका, रूल एकच. निगेटिव्हवर नंतर पडलेलं काढायचं. फोटोत मुळात असलेलं टच करायचं नाही. चेहऱ्यांना तर अजिबात नाही. इथे कोणाला हिरो बनवायचं नाहीये."

डिसेंबरात जी तुकडी आली ती जपानी वैमानिकांची होती. पहिल्या काही फोटोंत विमानं नव्हतीच, नुसती मुलं होती. एक जण दुसऱ्याच्या कपाळाला पांढरी पट्टी बांधतोय. बांधून घेणाऱ्यानं मान वाकवलीय, मुंडावळ्या बांधून घेताना नवरदेव वाकवतो तशी. एका फोटोत सगळे ओळीत उभे, प्रत्येकाच्या हातात इवलासा पेला. एकात शाळेतल्या मुली झाडाच्या फांद्या हलवून धावपट्टीशी निरोप देताहेत.

"कुठे निघालीत ही मुलं?" रंगनाथरावांनी विचारलं.

नम्रतानं कानातली वायर काढली. "काका, हे सुसाइड पायलट्स. विमान घेऊन डायरेक्ट बोटीवर जाऊन आदळायचं. परत यायचंच नाही."

"म्हणजे हे फोटो काढताना त्यांना ठाऊक होतं?"

"हो, ठाऊक होतं. म्हणूनच तर काढलेत."

"वय काय यांचं?"

"लिस्टमध्ये बघते. हा एकोणीस. हा बावीस. हा... बावीसच."

"आणि या पाठवणाऱ्यांचं?"

नम्रताला प्रश्न कळला नाही. पलीकडून ऋषी ओरडला, "काका, प्लीज, स्टोरी नंतर. दिवसाला चाळीस फ्रेम्स ठरल्यात. तुमच्या तेवीसच होतात."

रंगनाथरावांनी बावीस वर्षांच्या त्या पोराचा चेहरा मोठा केला. तो कॅमेऱ्याकडे बघून हसत होता. हसू व्यवस्थित होतं. पण नाटकवाल्यांची थोबाडं तीस वर्षं पाहिलेल्या माणसाला ओढलेलं हसू आणि आलेलं हसू यांतला फरक शिकवावा लागत नाही. डोळ्यांखाली काळं होतं. खोल, जुनं काळं, एका जागरणाचं नव्हे. आणि रंगनाथरावांचा हात सवयीनं तिकडे निघाला. गोल त्या काळ्यावर जाऊन थांबला. बोट दाबायचं तेवढं बाकी होतं.

हे त्यांनी आधी एकदा केलं होतं.

पासपोर्टच्या फॉर्मासाठी शंभूचा फोटो त्यांनीच काढला होता, जुन्या कॅमेऱ्यावर, हौसेनं. "बाहेर कशाला पैसे घालवायचे? बाप काय मेलाय?" निगेटिव्ह धुतली, टेबलावर ठेवली, भिंग लावलं. डोळ्यांखाली काळं होतं. ओठ आतून चावलेले होते. भिंगातून सगळं दिसत होतं आणि त्यांना दिसलंही. त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं आणि ते काळं नाजूक हातानं भरून टाकलं. ओठांचा कोपराही जरा उचलला. प्रिंट काढून पोराच्या हातात दिली. "बघ, कसा साहेब दिसतो!" शंभू बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "छान आलाय, बाबा. मीच आहे का हा?" बाप हसला होता. तेरा दिवसांनी तो गेला.

रंगनाथरावांनी गोल त्या जपानी पोराच्या डोळ्यांखालून बाजूला घेतला, फाईल तशीच बंद केली आणि पुढची उघडली. पुढे समुद्र होता. तो बरा. समुद्राला डोळे नसतात. त्यांनी चेहऱ्यांपासून पळ काढल्यासारखा हात चालवला. राखाडी पाणी, काळी बोट, वर मोठं रिकामं आभाळ. आभाळात बुरशीचे ठिपके होते, एक केसासारखा ओरखडा होता, उजव्या अंगाला एक काळा डाग होता. त्यांनी पटापट सगळं उचललं. आभाळ स्वच्छ झालं. त्या दिवशी फ्रेमा झाल्या एक्केचाळीस. ऋषीनं अंगठा दाखवला.

चौथ्या दिवशी सकाळी नम्रता त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. आज कानात वायर नव्हती.

"काका, क्लायंटचा मेल आलाय. सात नंबरची फ्रेम. ते विचारतायत, विमान कुठे गेलं?"

"कुठलं विमान?"

तिनं मूळ स्कॅन उघडून उजव्या अंगाच्या त्या काळ्या डागावर बोट ठेवलं, मग पुढची, आठ नंबरची, फ्रेम उघडली. तीच बोट होती, पण अर्धी. उरलेल्या अर्ध्या जागी धूर आणि आग. "सेम जागेवरून, दोनतीन सेकंदांनी काढलाय. सातमध्ये ते येतंय, आठमध्ये आदळलंय. तुमच्या सातमध्ये काहीच येत नाहीये, काका. आभाळ क्लीन आहे. बोट आपोआप पेटल्यासारखी दिसतेय."

ऋषी आला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "काका, आता ते आपला अख्खा लॉट परत तपासणार. प्रत्येक आभाळ. तुम्ही एक्स्पर्ट म्हणून घेतलं मी तुम्हाला. एक्स्पर्ट!"

"धूळच वाटली मला," रंगनाथराव म्हणाले.

जयसिंग खुर्चीतून उठून आले होते. वाकून त्यांनी दोन्ही आभाळं पाहिली, एक डागाचं, एक बिनडागाचं. जरा वेळानं म्हणाले, "त्यात ते पोरगं असंल न्हवं? ते पट्टी बांधलेलं?"

"त्यातलंच कुणीतरी," नम्रता म्हणाली.

"मंग वो ढोमणे," जयसिंग हळूच म्हणाले, टोमणा मारायची त्यांची खोड त्यांनी त्या वेळी बाजूला ठेवली होती, "तुमी तर माणूसच पुसलात की."

खाली यार्डात हमाल टेम्पोत पोती टाकत होते, त्याचे धपधप आवाज येत राहिले.

रंगनाथराव पुन्हा बसले. मूळ स्कॅन उघडून त्यांनी तो डाग मोठा केला, आणखी मोठा केला. फुटून त्याचे चौकोन झाले. सात-आठ काळपट चौकोन, दोन बाजूंना किंचित पसरलेले. पंख. त्या चौकोनांत कुठेतरी डोळ्यांखालचं काळं घेऊन एक पोरगा बसला होता, आणि दोन सेकंदांनी त्याचं सगळं संपणार होतं. बोटीवरही तसलीच पोरं असणार. ती या आभाळाकडे बघत असणार. त्यांनी एकेक ठिपका पहिल्यापासून साफ केला, दुपारपर्यंत, विमानाच्या कडेला धक्का न लावता. मग नम्रताला म्हणाले, "मला याच्या दोन प्रिंट देशील? एक माझी, एक खरी."

"काका, क्लायंटचं मटेरियल आहे..." तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि प्रिंटर सुरू केला. "उद्या परत आणा. मी दिल्या असं सांगू नका."

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा सुशीलाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी दोन्ही प्रिंट ताटाशेजारी जमिनीवर ठेवल्या.

"हे काय हो?"

"बघ. दोन्हीत फरक काय आहे?"

बाईंनी चष्मा लावला. निवडायचीच नजर ती. खड्यावर जाते तशी गेली. "याच्यात ठिपका आहे. याच्यात नाही."

"तो ठिपका म्हंजे इमान हाये," रंगनाथराव म्हणाले. पुण्यात पस्तीस वर्षं शुद्ध बोललेला माणूस घरच्या बोलीवर आला होता. "त्याच्यात एक पोरगा हाये. बावीस वर्साचा. लोकायनं त्याले वाजतगाजत धाडला. अन् मी त्याले पुसला. मले वाटलं डाग हाये."

"मंग? चुकलं असंन. नोकरी गेली का?"

"आपल्या शंभूलेही मी तसाच पुसला."

सुशीलाबाईंचा हात तांदळात थांबला. पण ते रोजचं वाक्य आलं नाही.

रंगनाथरावांनी पत्र्याची डबी आणली, पेन्सिली जमिनीवर ओतल्या, तळाचा कागद काढून बाईंपुढे ठेवला. घडीत अजून पीठ होतं. बाईंनी तो वाचला. परत वाचला. मग पालथा करून पाहिला, मागे काही असेल म्हणून.

बाहेर कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या झाल्या.

"दळणानं नाही गेला," त्या म्हणाल्या.

"नाही."

"तुमाले माहीत होतं."

"पाचव्या दिवसापासून."

"त्यानं म्हटलं आईले सांगू नका, अन् तुमी नाही सांगतलं." त्यांचा आवाज अगदी साधा होता, हिशेब विचारावा तसा. "सव्वादोन वर्सं. मी रोज मरत होती त्या दळणापायी, तुमच्या डोळ्यासमोर. अन् तुमी जेवत होते."

रंगभूमीवर अशा वेळी पडदा पडतो, दिवे जातात, प्रेक्षक हुंदका देऊन उठतात. इथे काही पडलं नाही. ट्यूबलाइट तशीच जळत राहिली आणि दोन माणसं एका तांदळाच्या ताटाच्या दोन बाजूंना बसून राहिली.

शेवटी सुशीलाबाईंनीच विचारलं, "त्या फोटोत कसा होता तो? खरा?"

"डोळ्याखाली काळं होतं. ओठ चावले होते. मले दिसलं होतं, सुशीला. मी भरून टाकलं."

"काढा ते."

"काय?"

"जे भरलं ते काढा. येते नं काढता?"

येतं. निगेटिव्हवरची पेन्सिल टर्पेंटाइनच्या बोळ्यानं निघते. शिकाऊ पोरांची चूक अशीच पुसतात. रविवारी शंभूची जपून ठेवलेली निगेटिव्ह काढून, खिडकीशी भिंग लावून रंगनाथरावांनी आपल्या हातचं ते अतिशय सुरेख काम पुसून काढलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या हातून काही भरलं जात नव्हतं. एकेक फटकाऱ्यागणिक पोरगा परत येत होता. थकलेला, घाबरलेला, बापाकडे बघून हसायचा प्रयत्न करणारा. लेन्समागे बापच तर उभा होता. सुशीलाबाई शेजारी उभ्या होत्या. नवऱ्याशी त्या तेव्हा बोलत नव्हत्या, पुढेही कितीतरी दिवस बोलल्या नाहीत. पण तिथून हलल्या नाहीत.

नोकरी गेली नाही. ऋषीनं त्यांना कायमही केलं, एका अटीवर. आभाळ असलेला फोटो ढोमणेकाकांना द्यायचा नाही. ऑफिसात तो विनोद होऊन बसला. "काका, घ्या, इनडोअर आहे," असं म्हणून नम्रता फाईल पाठवायची, आणि रंगनाथराव मान हलवायचे.

शंभूचा फोटो समोरच्या भिंतीवर लागला. पुढच्या श्राद्धाला त्यांच्या जुन्या स्टुडिओतले एक सहकारी आले होते. तेही हातातली कला जाणणारे. चष्मा वर करून त्यांनी फोटो जवळून पाहिला आणि गोंधळून म्हणाले, "अहो ढोमणे, तुमच्या हातचा ना हा? डोळ्यांखालचं काळं तसंच राहिलंय की. बरं नाही दिसत."

रंगनाथरावांनी तोंड उघडलं, पण उत्तर स्वयंपाकघरातून आलं. सुशीलाबाई परातीत ज्वारीचं पीठ मळत होत्या. त्या दिवशी सकाळी, तीन वर्षांनी पहिल्यांदा, त्या स्वतः डबा घेऊन गिरणीत गेल्या होत्या.

"राहू द्या, भाऊ," त्या म्हणाल्या. "तसाच होता तो."